होंडुरासला सेवेला जाताय? ब्रश सोबत ठेवा

तुम्ही अमेरिकेत टेक्सास किंवा जॉर्जियाच्या एखाद्या उपनगरात राहता, दर रविवारी चर्चला जाता आणि जूनमध्ये मुलांना सुट्टी लागल्यावर दहा दिवस काय करायचं हा प्रश्न तुम्हाला पडलाय, असं धरून चालतो. अभिनंदन! तुम्हाला परदेशी सेवेचं पाचारण झालेलं आहे, म्हणजे चर्चच्या गटासोबत मध्य अमेरिकेतल्या होंडुराससारख्या गरीब देशात जाऊन थोडे दिवस मदतकार्य करायचं. हे पाचारण कधी शेजारच्या गल्लीतल्या वृद्धाश्रमासाठी होत नाही. ते उन्हाळ्यात होतं, विमानाने होतं आणि शक्यतो समुद्रकिनारा असलेल्या देशाचंच होतं.

पैशाची काळजी नको, ते तुमचे नसतातच. नातेवाईक, मुलांचे शिक्षक, दातांचे डॉक्टर, सगळ्यांना एक पत्र धाडायचं. ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ आधी, रक्कम नंतर. कमी पडले तर चर्चच्या आवारात गाड्या धुवायच्या. मग सगळ्यांना एकाच भडक रंगाचे टी-शर्ट छापून घ्या, म्हणजे विमानतळावर पलीकडच्या रांगेतल्या नारिंगी शर्टवाल्या गटात तुमची सरमिसळ होणार नाही. तेही तिथेच निघालेले असतात.

मुख्य काम बांधकामाचं. घरी खिळा ठोकायलाही तुम्ही माणूस बोलावता, याने बिचकू नका. गावात गवंडी असतात, चांगले असतात आणि काम शोधत असतात. त्यांना सावलीत उभं करा आणि थापी तुम्ही घ्या. त्यांतला एखादा हळूच ओळंबा लावेल आणि शेजारच्याकडे बघून मिशीत हसेल. लक्ष देऊ नका. तुम्ही जेवायला गेलात की तो वरचे दोन-तीन थर उतरवून ब्लॉक पुन्हा रचेल. संध्याकाळी भिंत सरळ दिसेल आणि तुम्हालाही वाटेल, जमलं की!

१९९८च्या मिच वादळाने होंडुरासमध्ये हजारो माणसं गेली, घरं वाहून गेली आणि अमेरिकेतून चर्चचे गट लोटले. कुर्ट व्हेर बीक नावाच्या अभ्यासकाने पुढे या घरांचा हिशेब मांडला. तिथल्याच ख्रिस्ती संस्थांनी बांधलेलं घर साधारण २,००० डॉलरला पडलं. पाहुण्यांनी बांधलेलं, त्यांच्या प्रवासासकट, साधारण ३०,००० डॉलरला. एकाच्या पैशात पंधरा. शिवाय घर कोणी बांधलं याने त्यात राहणाऱ्यांना फारसा फरक पडलेला दिसला नाही. मंडळीच्या सभेत कोणी हे आकडे काढलेच, तर ‘बंधू, हिशेब नको, अंतःकरण बघा’ म्हणून त्याला खाली बसवा.

थापी अगदीच जमत नसेल तर ब्रश घ्या. मेक्सिकोतल्या एका चर्चला एकाच उन्हाळ्यात सहा गटांनी सहा वेळा रंग दिला, असं २००८ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने छापलं होतं. तिथले पाळक नाही का म्हणत नाहीत, असं विचारू नका. भिंत रंगवून घेतली नाही, तर छपराचे पैसे कोणाकडे मागायचे?

डॉक्टर, नर्स सोबत असतील तर ‘ब्रिगाडा’, म्हणजे आरोग्य शिबिर, भरवा. शाळेच्या खोलीत टेबल मांडा, पहाटेपासून रांग लागते. डोंगरावरून चालत आलेल्या आजीच्या दंडाला तुमच्या गटातला कॉलेजचा पोरगा रक्तदाबाचा पट्टा गुंडाळेल. आकडा १८० दाखवेल. तो घाबरेल, आजी नाही. तिला प्लास्टिकच्या पिशवीत तीस गोळ्या द्या, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा आणि पुढच्याला बोलवा. एकतिसाव्या दिवशी काय, हे पिशवीवर लिहायला जागा नसते. गावच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सला मात्र आधी कळवू नका. ती उगाच विचारत बसेल, कोणाला काय दिलं ते.

अनाथालयाची भेट चुकवू नका, कडेवर मूल असल्याशिवाय फोटोला अर्थ नाही. यासाठी हैतीचं नाव होतं. तिथल्या अनाथालयांत सुमारे ३०,००० मुलं असल्याचा अंदाज होता आणि त्यांतल्या जवळपास ८० टक्के मुलांची आई किंवा बाप जिवंत होता. शाळेची फी परवडत नाही, दोन वेळचं भागत नाही, म्हणून आई मूल तिथे आणून सोडते. ती फी आईच्याच हातात दिली, तर मूल घरी राहील. मग तुम्ही कडेवर कोणाला घेणार? उत्साह मात्र बेताचा ठेवा. २०१०च्या भूकंपानंतर मुख्यतः अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या चर्चमधून गेलेला दहा अमेरिकनांचा गट ३३ मुलांना बसमध्ये घालून डॉमिनिकन रिपब्लिककडे निघाला होता. सीमेवर अडकला. कागदपत्रं नव्हती आणि बहुतेक मुलांना आईबाप होते. तेवढं करू नका. तासभर कडेवर घ्यायचं आणि निघताना खाली ठेवायचं. मूल रडलं तर तुमचा लळा लागला असं समजा.

भाषा शिकायची गरज नाही. आमच्याकडे मुंबईत १८१३ साली गॉर्डन हॉल नावाचा अमेरिकन मिशनरी उतरला. तो मराठी शिकत बसला, शाळा काढत बसला आणि १८२६ मध्ये नाशिककडे पटकीने गेला. त्याचं सगळंच आमच्या लोकांना पटलं असेल असं नाही, पण निदान त्याच्याशी मराठीत भांडता यायचं. तुमच्याशी भांडायचं तर आधी दुभाषा शोधावा लागतो, आणि दुभाषा तुमच्याच पैशावर असतो. स्पॅनिशमधलं ‘ओला’ (नमस्कार) आणि ‘ग्रासियास’ (धन्यवाद) एवढं पुरे.

१९६८ मध्ये मेक्सिकोत इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं की बघायला या, डोंगर चढा, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. धर्मगुरूने असं बोलावं! तरी त्यातला पूर्वार्ध घेण्यासारखा आहे. शेवटचे दोन दिवस होंडुरासच्याच रोआतान बेटासाठी राखून ठेवा. प्रवाळ सुंदर आहे. पत्रिकेत त्याला ‘मनन आणि विश्रांती’ म्हणायचं.

परतल्यावर पहिल्याच रविवारी चर्चमध्ये उभं राहून साक्ष द्या, म्हणजे आपला अनुभव सांगा. ‘त्यांच्याकडे काहीच नाही, तरी किती आनंदी असतात’ हे आलंच पाहिजे. मग थांबा, चष्मा पुसा, आणि ‘मी द्यायला गेलो होतो, पण मलाच जास्त मिळालं’ म्हणा. हे शब्दशः खरं असल्यामुळे आवाज आपोआप भरून येतो.

महिनाभराने तिथल्या पाळकांचा निरोप येईल. शाळेला बाईंचा वर्षाचा पगार हवा आहे, तुमच्या दोन-तीन तिकिटांएवढा. लगेच होकार देऊन बसू नका, विषय समितीपुढे ठेवा. समितीकडे पैसे असतात ते सहलीच्या खात्यात, आणि बाईंच्या पगाराशेजारी उभं राहून फोटो निघत नाही. ‘प्रार्थना करत आहोत’ असं कळवा आणि जानेवारीतच पुढची नावनोंदणी सुरू करा. या खेपेला ग्वाटेमाला घ्या. होंडुरासच्या स्लाइड्स सगळ्यांच्या बघून झाल्यात.