कोकराला हगवण लागली म्हणून चीक तोडायचा?

मेंढ्या विण्याच्या हंगामात व्हॉट्सॲपवर एक निरोप हमखास फिरतो : 'नवजात कोकराला हगवण लागली म्हणजे चीक बाधला. चीक पिळून टाका, दोन दिवस दूध तोडा, जंताचं औषध द्या आणि माणसाची जुलाब थांबवायची गोळी चारा.' यातला एकही सल्ला ऐकण्यासारखा नाही.

चिकापासून, म्हणजे मेंढी व्यायल्यावरच्या पहिल्या घट्ट दुधापासून, सुरुवात करू. मेंढीच्या वारेतून प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, पोटातल्या पिल्लाला मिळतच नाहीत. जी मिळतात ती चिकातून, आणि आतडं ती शोषून घेतं ते जेमतेम पहिले २४ तास. ३ किलोच्या कोकराच्या पोटात पहिल्या दोनेक तासांत १५० मिली आणि दिवसभरात ६०० मिली चीक जायला हवा. गाभण मेंढीला टोचलेल्या आंत्रविषाराच्या (आतड्यात जंतूंचं विष तयार होण्याच्या रोगाच्या) लसीचा फायदाही कोकराला याच वाटेनं मिळतो. चीक पिळून टाकला की तोही गेला.

आणि मुळात ती हगवण आहे का, हे आधी बघा. चीक प्यायलेलं कोकरू पिवळं, चिकटच हगतं. ते शेपटीखाली वाळून गुदद्वार बुजलं तर कोमट पाण्यानं धुवा, एवढंच. खरी हगवण पाण्यासारखी असते, मागचे पाय भिजतात, डोळे खोल जातात, चिमटीत धरलेली कातडी लवकर बसत नाही.

बाटलीवरच्या कोकराला जास्त दूध पाजलं तर पोट बिघडतं, हे खरं. पण एकाच वाघरीतली (जाळीच्या कुंपणातली) तीन-चार कोकरं दोन दिवसांत पातळ हगू लागली, तर दुधाला कशाला दोष देता? तो संसर्ग आहे. पहिल्या तीनेक दिवसांत संशय ई. कोलायवर, आठवड्याच्या आसपास रोटाव्हायरस आणि क्रिप्टोस्पोरिडियमवर. रक्त पडून काही तासांत कोकरू दगावलं, तर क्लॉस्ट्रिडियमवर. हा अंदाजच, दोन जंतू एकत्रही सापडतात. म्हणून औषध सुरू करण्याआधी विष्ठेचा नमुना पशुवैद्यकाकडे द्या.

जंताचं औषध चार दिवसांच्या कोकराला कशासाठी? पोटात जंत वाढायलाच काही आठवडे लागतात. क्रिप्टोस्पोरिडियम तर एकपेशीय. त्याला जंतनाशक लागू पडत नाही, नेहमीची अँटिबायोटिकंही नाहीत.

जुलाब थांबवणारी गोळी आतड्याची हालचाल मंद करते, जंतूंचं विष आतच राहतं. कोकरू मरतं ते बहुतेकदा अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यानं. वजनाच्या १० टक्के पाणी गेलं, तर ३ किलोच्या कोकराला तेवढी तूट भरायलाच ३०० मिली लागतं. म्हणून ओआरएस थोडं थोडं, दिवसातून अनेकदा पाजा. मधल्या वेळी आईचं दूध चालूच ठेवा. दूध तोडलं की रक्तातली साखर उतरते आणि कोकरू गार पडतं. चोखतच नसेल तर बाटली तोंडात कोंबू नका, ठसका लागून दूध फुप्फुसात जातं. अशा वेळी थेट डॉक्टर.

निरोपात नसलेली गोष्ट : आजारी कोकरं वेगळी काढा, वाघर कोरड्या जागी हलवा आणि हात साबणानं धुवा. क्रिप्टोस्पोरिडियम माणसालाही होतो, आणि लहान मुलांना तर कोकरं उचलून फिरायची हौस असते.