टेपने अलाइनमेंट : एका प्रतिक्रियेला उत्तर

हॉट रॉडचं, म्हणजे फेरफार केलेल्या जुन्या गाडीचं, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) घरी कसं करायचं, यावर मी लेख लिहिला होता. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया :

"दोरी-टेप घेऊन हॉट रॉडचं अलाइनमेंट घरी करायला शिकवताय, भाऊ? अर्धवट ज्ञानापायी कुणाचा तरी जीव जाईल. लेझर मशीन कशाला असतात मग? कॅम्बरवर एक शब्द नाही, पॅनहार्ड बारही विसरलात."

आधी 'भाऊ' म्हणायचं आणि पुढच्याच वाक्यात अक्कल काढायची, ही कुठली रीत? नीट विचारलं असतं तर नीट सांगितलं असतं. एक मान्य : मापाआधी टायरची हवा तपासा, हे लिहायचं राहिलं.

आता टेप. गाडी 1932ची फोर्ड, पुढे ड्रॉप केलेला (गाडी खाली बसावी असा घडवलेला) आय-बीम ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध दांडा, आणि वर आडवा स्प्रिंगचा पाटा. टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढून जरा आत वळलेली असणं, हवा 1/16 ते 1/8 इंच. टेपवर 1/32 इंच साध्या डोळ्यांनी वाचता येतो. माप चुकतं ते टेपमुळे नाही, टायरचं रबर वेडंवाकडं असतं म्हणून. त्यासाठीच चाक उचलून, फिरवत, खिळ्याने टायरवर बारीक रेघ मारायला सांगितली होती. मग गाडी खाली घ्यायची, जरा पुढे ढकलायची म्हणजे चाकं बसतात, आणि हबच्या उंचीला रेघेपासून रेघेपर्यंत पुढून आणि मागून मोजायचं. मागचं माप जेवढं जास्त, तेवढा टो-इन. यात अर्धवट काय आहे, जरा दाखवा.

कराडला आमच्या वडिलांचं ट्रकचं गॅरेज होतं. तिथेही असाच सरळ ॲक्सल, असेच किंगपिन (ज्यावर चाक वळतं तो खिळा), आणि टो बघायला एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. शाळेतून आलो की त्यांचं दुसरं टोक माझ्या हातात असायचं. त्या गाड्या खंबाटकी उतरून पुण्याला जायच्या. तुम्ही आजवर किती किंगपिन ठोकलेत?

आणि लेझरवाल्याकडेही गेलो होतो, इथे मिशिगनमध्येच. मशीनमध्ये या गाडीचे आकडेच नव्हते. पोरगा मलाच विचारतो, कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) किती ठेवू? म्हटलं, 6 अंश. वर पैसेही मीच दिले!

कॅम्बर, म्हणजे समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल, या ॲक्सलमध्ये घडवतानाच घातलेला असतो. बदलायचा तर प्रेसखाली वाकवावा लागतो, आणि ते घरी करा असं मी कुठेही लिहिलेलं नाही. पॅनहार्ड बारवर (ॲक्सल बाजूला सरकू नये म्हणून लावतात तो दांडा) वेगळा लेख आहे. त्याची लिंक शेवटच्या परिच्छेदात दिली होती, पण तिथवर वाचायला हवं ना!