‘दोन व्हिडिओ बघून माळी होता येत नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

कुंडीतल्या सी बकथॉर्नवर, म्हणजे लडाखमधल्या आंबट फळांच्या काटेरी झुडपावर, मी लिहिलं, त्याखाली ‘करवीरकर’ या टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी वाचलीय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लडाखचं झाड कोल्हापूरच्या पावसात टिकणार नाही, एकट्या झाडाला फळ धरत नाही हे मी ठळकपणे सांगितलं नाही, त्याला हवी तशी थंडी इथे पडत नाही, त्यापेक्षा राधानगरीकडचं आंबगूळ, म्हणजे तिकडची आंबटगोड फळांची वेल, लावावं. आणि शेवटी: “नाद असावा, पण झाडाच्या जिवावर नको. दोन व्हिडिओ बघून माळी होता येत नाही.”

नर-मादीचं आधी उरकते. ते वाक्य लेखात खूप खाली गेलं, वर हवं होतं, मान्य. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. परागीकरण वाऱ्यावर, मधमाशीचा संबंध नाही. सहा-आठ माद्यांना एक नर पुरतो, पण तो जवळपास हवाच. बियांपासून केलेलं रोप नर की मादी हे पहिल्या कळ्या येईपर्यंत कळत नाही. नराच्या कळ्या ठसठशीत मोठ्या असतात. म्हणून फाटे कलमाचं रोप घ्यावं, आणि तेही ओळख पटलेल्या झाडाचं. हे सगळं लेखात होतं, शेवटपर्यंत वाचलं असतंत तर दिसलं असतं.

आता व्हिडिओंचं. मी कागल तालुक्यातल्या ऊसवाल्या घरातली मुलगी. वडिलांच्या मागे सरीतून अनवाणी फिरलेय, पाण्याची पाळी मध्यरात्री आली तर कंदील धरून बांधावर उभी राहिलेय. आईच्या परड्यात अनंत, सोनचाफा, गवती चहा, काय नव्हतं? मूळ कुजलंय हे मला पान पिवळं पडायच्या आधी मातीच्या वासावरून कळतं. हे कुठल्या व्हिडिओत शिकवतात ते तुम्हीच सांगा. फोन हातात आला तेव्हा माझे केस पिकायला लागले होते. टोपणनावाआडून एखाद्या बाईला असं लिहिणं सोपं असतं. चारचौघांत, महाद्वार रोडवर समोर उभं राहून हेच बोलला असता का?

राहिलं ‘झाडाच्या जिवावर’. लेहला वर्षाला साधारण शंभर मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे हजाराच्या आसपास. एवढा फरक मला ठाऊक नसेल असं कसं वाटलं तुम्हाला? त्याच फरकासाठी तर सगळी मांडणी आहे. भोकं मोठी केलेली मातीची कुंडी, खाली ताटली नाही. दोन भाग नदीची जाड वाळू, एक भाग साधी माती, एक भाग विटांचा चुरा. आपली काळी माती चिमूटभरही नाही, कारण ती पाणी धरून बसते आणि या झाडाला ओले पाय अजिबात चालत नाहीत. मृगाआधीच कुंडी गच्चीवरच्या पत्र्याखाली जाते, पण ऊन मिळेल अशा बाजूला. सावलीत हे झाड खंगतं. आणि साखर कारखाने आजूबाजूला असूनही मळीचं खत घालत नाही. याच्या मुळांवर गाठी असतात, त्यात फ्रँकिया नावाचे जीवाणू हवेतलं नत्र धरतात. वरून नत्र ओतलं की त्या गाठींचं काम मंदावतं. कुंडी बदलताना मुळं विस्कटायची नाहीत, मातीच्या गड्ड्यासकट उचलायचं. एवढं करणारी बाई झाडाच्या जिवावर उठलेली असते होय?

परकं झाड म्हणून आक्षेप असेल तर तुमच्या तांबड्या रश्श्यातली मिरची कुठली हो? अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आली. बोगनवेल ब्राझीलची. ती प्रत्येक बंगल्याच्या फाटकावर चालते, आणि माझी एक कुंडी खुपते! २०२३ मध्ये लडाखच्या सी बकथॉर्नला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून लोक रसाच्या बाटल्या आणतात आणि झाड कसं असतं विचारतात. मी दाखवते. अरुंद, चंदेरी झाक असलेली पानं आणि बोटात घुसणारे काटे बघूनच पाहुणे खूश होतात, फळाचं नावही काढत नाहीत. सगळ्याच गोष्टी खाण्यासाठी लावायच्या असत्या तर आपण जास्वंद कशाला लावली असती?

थंडीच्या तासांबद्दल, म्हणजे झाडाला हिवाळ्यात किती वेळ थंडी मिळायला हवी याबद्दल, तुम्ही बरंच लिहिलंय. असेल तसं. गेल्या हिवाळ्यात पानगळ अर्धीमुर्धीच झाली हे खरं, पण त्यावर मी आज वाद घालणार नाही.

आंबगूळ मला माहीत आहे. त्याच कुळातलं आहे, पानाची मागची बाजू तशीच चंदेरी, फळ आंबटगोड. पण त्याची वेल शेजारच्या झाडावर चढत जाते, कुंडीत किती दिवस ठेवणार? तरी रोप असेल तर द्या, गच्चीच्या कोपऱ्यात जागा करते.

आणि पुढची प्रतिक्रिया नाव लावून लिहा. टोपणनावाच्या प्रतिक्रिया या लेखाखाली यापुढे दिसणार नाहीत.