वीस किलोमीटर, चार माणसं, एक गाडी

छोट्या गावातल्या माणसाला कामाचं ठिकाण किती लांब असं विचारलं, तर तो किलोमीटर सांगत नाही. "पावणेआठला निघालं तर अर्धा तास, आठला निघालं तर काही खरं नाही," असं सांगतो. माणूस रोजच्या जाण्यायेण्यावर साधारण तासभरच घालवतो, वाहन वेगवान झालं की वेळ वाचत नाही, अंतरच वाढतं, असं चेझारे मार्केट्टी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञानं १९९४ मध्ये मांडलं होतं. दाराशी हॉर्न वाजवत "आलो, आलो" ऐकण्याचा वेळ त्यानं यात धरला होता की नाही, अशी मला दाट शंका आहे.

कारण एकट्यानं गाडी न्यायची तर खिसा रडतो. मग चौघं मिळून एक गाडी. इंधनाचा खर्च पाव झाला म्हणून सगळे खूश, पण मिनिटांचं काय? वीस किलोमीटर, ताशी साठचा वेग, म्हणजे वीस मिनिटं. तिघांना दारातून उचलायचं, तर गल्लीत शिरून गाडी उलटी काढण्यात प्रत्येकी तीन, म्हणजे नऊ. दाराशी थांबणं प्रत्येकी दोन, म्हणजे सहा. वीसाची पस्तीस झाली, आणि अजून कुणाचा चष्मा घरी राहिलेला नाही.

बरं, चौघंही शिस्तीचे आहेत असं धरू. प्रत्येक जण दहापैकी नऊ दिवस वेळेवर. तरी चौघं एकाच दिवशी वेळेवर असण्याची शक्यता ०.९ चा चौथा घात, म्हणजे जेमतेम ६६ टक्के. तीन दिवसांतून एकदा उशीर ठरलेला, आणि चौघंही छातीठोकपणे सांगणार की माझ्यामुळे क्वचितच होतो. चौघंही खरंच बोलत असतात! म्हणून हे भांडण कधी मिटत नाही.

गेलेला वेळ रस्त्यावर भरून काढू म्हणणाऱ्यानं हिशेब करावा. साठचा वेग ऐंशी केला तर वीस किलोमीटरमागे पाचच मिनिटं सुटतात. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. त्यापेक्षा सगळ्यांनी एका ठिकाणी जमायचं, दोन मिनिटं वाट बघायची आणि निघायचं, हा उपाय अचूक आहे. अडचण एवढीच, की ज्याला सकाळी सोडून जाल त्याच्याशी संध्याकाळी गाठ असते, आणि गावात दुसरी वाटही नसते.

पैशांवर फार लिहीत नाही. मागे बसणारा फक्त इंधन मोजतो. मालक टायर, ऑइल, ब्रेक आणि सीटवरचा चिखलही मोजतो. दर आठवड्याला पाळीनं एकेकाची गाडी काढावी, म्हणजे प्रत्येकाला मालक होता येतं.

चार माणसं म्हणजे चार माणसांचं वजन, हे मात्र गाडी विसरत नाही. भरलेल्या गाडीसाठी टायरमधली हवा वेगळी लागते. तो आकडा बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, आणि हवा टायर थंड असताना तपासायची असते. मागची बाजू दबली की पुढचे दिवे वर उचलले जातात. समोरचा दिवे मारतो. आपल्याला वाटतं ओळखीचा आहे, म्हणून आपणही मारतो. बऱ्याच गाड्यांत दिव्यांचा झोत खाली करण्याची छोटी चकती असते. गाडी विकेपर्यंत तिला कुणी हात लावत नाही.

थंडी-पावसात चौघांच्या श्वासानं काच आतून धुरकटते. कापडानं पुसून उपयोग नाही, ओल गाडीतच फिरत राहते. बाहेरची हवा आत घ्यायची, एसी लावायचा; तो हवा कोरडी करतो. "एवढ्या थंडीत एसी?" असं मागून कुणी तरी विचारणारच. रोज.

डांबर संपून मातीचा रस्ता लागला की दातावर दात. मातीवर उठलेल्या त्या आडव्या लाटांचा दोष आपण ट्रॅक्टरवाल्याला देतो. पण २००७ मध्ये संशोधकांनी वाळूच्या गोल पट्ट्यावर साधं चाक फिरवून पाहिलं, तर एका ठरावीक वेगापुढे लाटा आपोआप उठल्या. चाकाला स्प्रिंग नव्हती तरी. म्हणजे अपराधी आपण सगळेच. रस्ता सपाट केला तरी आपण पुन्हा त्याच वेगानं जाणार, आणि लाटा पुन्हा येणार. त्या येऊच नयेत तर फारच हळू जावं लागेल. मग चालत गेलेलं काय वाईट?

सायकलवाल्याचं पंक्चर बहुधा मागच्या चाकाला असतं, कारण पुढचं चाक आडवा पडलेला खिळा उभा करून ठेवतं. त्यात वजनही मागेच जास्त. बसबद्दल एवढंच, की ती चुकली तर पुढची येते, पण कामावर जाण्यासाठी नव्हे, परतण्यासाठी.

आणि सूर्य. गाव शहराच्या पश्चिमेला असेल तर सकाळी पूर्वेकडे जाताना ऊन डोळ्यांत, संध्याकाळी पश्चिमेला परततानाही डोळ्यांत. पूर्वेला असेल तर दोन्ही वेळा पाठीवर. घर घेताना पाणी, शेजार, वीज, सगळं विचारतात. ही एक गोष्ट कुणी विचारत नाही. वरची झडप खाली ओढावी, तर ती नेमकी सूर्याच्या दोन बोटं वर संपते, आणि मागच्या सीटवरचा मधला, ज्याला खिडकीच नाही, तो सांगतो, "मला तर सगळं स्वच्छ दिसतंय."