‘फुकटात मिळणारे’ शब्द: ‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ या नावाने लिहिणारे वाचक, नमस्कार.

स्पॅनिश भाषकांना माणसाचा स्वभाव सांगणारी प्रगत इंग्रजी विशेषणं कशी शिकवावीत, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्या वाचकांना संदर्भ कळावा म्हणून ती आधी जशीच्या तशी देते:

“लेख वाचला. उगाच बाऊ केला आहे. स्पॅनिश लॅटिनमधूनच आलेली, त्यामुळे हे प्रगत शब्द त्या लोकांना फुकटात मिळतात. सरळ पन्नास शब्दांची यादी द्या, पाठ करतील. ‘स्टिंगी’ हा उच्चार साफ चुकीचा. मेक्सिको-अर्जेंटिनाचा पत्ताच नाही. आणि मराठी वाचकाला याचं काय? ब्लॉगवाल्यांना विद्वत्ता दाखवायची हौस असते, दुसरं काय.”

चार ओळींत पाच आक्षेप आणि शेवटी एक टोमणा.

तुमचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करते. कंजूष या अर्थाचा तो इंग्रजी शब्द ‘स्टिंजी’ असाच म्हणतात. माझ्या लेखात तो ‘स्टिंगी’ छापला गेला, आणि तसा वाचला तर डंख मारणारा असा भलताच अर्थ निघतो. चूक माझी, दाखवून दिलीत त्याबद्दल आभार.

पण एका अक्षराच्या चुकीवरून थेट ‘हौस’? मी अकरा वर्षं स्पॅनिश भाषक प्रौढांना इंग्रजी शिकवते आहे, त्यातली सात वर्षं फक्त सी-१ आणि सी-२ या वरच्या पातळ्यांना. हौस म्हणून कोणी अकरा वर्षं रोज संध्याकाळी वह्या तपासत बसत नाही. मुद्द्यावर बोला, मला आनंदच आहे. माणसाच्या हेतूवर बोलायचं असेल तर आधी तो माणूस काय करतो याची चौकशी करावी, एवढी अपेक्षा गैर नसावी.

आता तुमचं ते वाक्य: “हे प्रगत शब्द त्या लोकांना फुकटात मिळतात.” संपूर्ण प्रतिक्रियेत मला खरोखर लागलं ते हेच, कारण हा समज घेऊनच विद्यार्थी वर्गात येतात आणि तो घालवण्यात पहिले दोन महिने जातात.

अर्धं खरं आहे, आणि ते मी लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं. ‘तासितुर्नो’ म्हणणाऱ्याला ‘टॅसिटर्न’ म्हणजे अबोल हे सांगावं लागत नाही. ‘माग्नानिमो’वरून ‘मॅग्नॅनिमस’ म्हणजे उदार मनाचा, ‘पुसिलानिमे’वरून ‘प्युसिलॅनिमस’ म्हणजे भित्रा, ‘मेतिकुलोसो’वरून ‘मेटिक्युलस’ म्हणजे काटेकोर, हे तो सहज ओळखतो. इंग्रजी घरात वाढलेल्या मुलालाही जड जाणारे हे शब्द, स्पॅनिश माणूस पहिल्या वाचनात पार करतो. पण शब्द ओळखणं वेगळं आणि वापरणं वेगळं. रूप मिळतं, किंमत मिळत नाही. मराठी माणसाला हे परक्या उदाहरणाने सांगायची गरजच नाही. हिंदीतली ‘शिक्षा’ आपण ओळखतो, वाचतो, आणि तरी आपल्या कानाला ती सजा वाटते. बंगाली माणूस ‘चेष्टा करतो’ म्हणतो तेव्हा तो प्रयत्न करत असतो, थट्टा नव्हे.

नवशिक्यांचे सापळे सगळ्यांना माहीत आहेत. ‘सेन्सिब्ले’ म्हणजे हळवा, इंग्रजी ‘सेन्सिबल’ म्हणजे समंजस. ‘सिम्पातिको’ म्हणजे लाघवी, ‘सिम्पथेटिक’ म्हणजे दुसऱ्याचं दुःख समजून घेणारा. हे पहिल्या वर्षात सुटतात, कारण ते रोज वापरात येतात आणि कोणीतरी टोकतं. वरच्या पातळीवरच्या सापळ्यांना टोकायला कोणी नसतं, कारण वाक्य व्याकरणाने निर्दोष असतं आणि अर्थही लागतो, फक्त भलताच.

‘पार्सिमोनिओसो’ घ्या. आजच्या स्पॅनिशमध्ये हा माणूस संथ असतो, सगळं सावकाश, शांतपणे करणारा. काटकसरीचा जुना अर्थ कोशात आहे, पण बोलण्यात पहिला येतो तो संथपणा. इंग्रजी ‘पार्सिमोनियस’ म्हणजे पैशाला घट्ट, चिकट. विद्यार्थी आपल्या वरिष्ठांबद्दल आदराने ‘पार्सिमोनियस’ लिहितो आणि वाचणाऱ्याला कळतं की साहेब कवडीचुंबक आहेत. त्याला हवा होता ‘अनहरीड’.

‘बोलुब्ले’ म्हणजे चंचल, आज एक उद्या दुसरं. इंग्रजी ‘व्हॉल्युबल’ म्हणजे अखंड बोलणारा. चंचलसाठी ‘फिकल’. ‘पेतुलान्ते’ म्हणजे गर्विष्ठ, शिष्ट. इंग्रजी ‘पेट्युलंट’ म्हणजे लहान मुलासारखा रुसणारा, चिडचिडा. गर्विष्ठाला ‘कन्सीटेड’ किंवा ‘अ‍ॅरोगंट’. ‘मोरोसो’ हा देणी थकवणारा, ‘मरोस’ हा घुम्या, खिन्न. ‘फास्तिदिओसो’ माणूस डोक्याला ताप असतो, ‘फॅस्टिडियस’ माणसाला चादरीवर एक सुरकुती चालत नाही. ‘ओब्सेकिओसो’ म्हणजे दुसऱ्याची मर्जी राखायला तत्पर, आणि त्यात वाईट काही असेलच असं नाही. इंग्रजी ‘अब्सीक्वियस’मध्ये मात्र लाळघोटेपणा पक्का.

आणि ‘कान्दिदो’. तुमच्या टोपणनावाशी त्याचा संबंध आहे, म्हणून मुद्दाम सांगते. स्पॅनिश ‘कान्दिदो’ म्हणजे भोळा, ज्याला कोणीही फसवेल असा. इंग्रजी ‘कॅन्डिड’ म्हणजे मोकळेपणाने खरं सांगणारा. स्पष्टवक्ता म्हणावं तर इंग्रजीत त्याच्या पायऱ्या आहेत. ‘कॅन्डिड’ आणि ‘फ्रँक’ हे कौतुकाचे. ‘फॉर्थराइट’ही कौतुकाचाच, त्यात ठामपणा जास्त. ‘आउटस्पोकन’ तोललेला, ऐकणारा तुमच्या बाजूचा आहे की नाही त्यावर ठरतो. ‘ब्लंट’ला धार नाही पण मार आहे. ‘टॅक्टलेस’ म्हणजे काय, कुठे, कसं बोलावं याचं भान नसलेला. स्पॅनिशमध्ये यातल्या बहुतेकांवर ‘फ्रांको’ किंवा ‘दिरेक्तो’ म्हणून भागतं. तेव्हा विद्यार्थ्याला सहातला नेमका कोणता शब्द द्यायचा, हे ‘फुकटात’ कसं मिळतं ते मला सांगा. तुमची प्रतिक्रिया यातल्या कोणत्या पायरीवर बसते हे मी ठरवलं आहे, लिहीत नाही.

याच वाक्यात आणखी एक गोष्ट दडली आहे. लॅटिन मुळाचा शब्द इंग्रजीत बहुधा पुस्तकी असतो. १०६६ नंतर नॉर्मन राजवटीत फ्रेंच शब्द वरच्या वर्गातून आले, पुढे विद्वानांनी थेट लॅटिनमधून घेतले, आणि घरातले, रस्त्यावरचे शब्द जुन्या जर्मानिक मुळाचे राहिले. स्पॅनिशमध्ये ‘लोकुआस’ जरा शिष्ट असला तरी चालतो. इंग्रजीत मात्र “माय ग्रँडमदर इज लोक्वेशस” म्हणणारा अहवाल वाचतोय असं वाटतं. बोलक्या आजीला ‘चॅटी’ म्हणतात. आपण तरी “आमचे काका मितव्ययी आहेत” असं जेवताना म्हणतो का? काटकसरी म्हणतो, आणि चिडलो तर चिक्कू. स्पॅनिश विद्यार्थ्याला ‘मितव्ययी’ आयता मिळतो आणि ‘चिक्कू’ विकत घ्यावा लागतो. म्हणूनच माझ्या वर्गात अवघड शब्द मागून येतात, आधी ‘टाइट-फिस्टेड’, ‘लेव्हल-हेडेड’, ‘थिक-स्किन्ड’, ‘ईझी-गोइंग’ हे जोडशब्द येतात. त्यांचं रूप स्पॅनिशवरून ताडता येत नाही, आणि बोलण्यात तर तेच लागतात. ‘जाड कातडीचा’, ‘हलक्या कानाचा’ म्हणणाऱ्या मराठी शिक्षकाला ते समजावणं सोपं जातं, हा आपला फायदा.

नुकसान कुठे होतं तेही सांगते. शिफारसपत्रात. स्पॅनिशमध्ये “एस उना पेर्सोना मुई फोर्माल इ एदुकादा” हे मोठं प्रशस्तिपत्र आहे: शब्दाची पक्की आणि वागायला सभ्य. त्याचं थेट इंग्रजी “शी इज फॉर्मल अँड एज्युकेटेड” होतं, म्हणजे बाई अवघडलेल्या आहेत आणि शिकलेल्या आहेत. दोन्ही गुण वाटेतच गळाले. हवं होतं ‘रिलायबल’ आणि ‘वेल-मॅनर्ड’. उलट ‘इन्फोर्माल’ म्हणजे वेळ आणि शब्द न पाळणारा. त्याचं ‘इन्फॉर्मल’ केलं तर तक्रारीची स्तुती होते.

दुसरा खड्डा क्रियापदाचा. स्पॅनिशमध्ये ‘असणे’साठी ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदं आहेत, आणि स्वभावाच्या विशेषणाचा अर्थ त्यावर पालटतो. ‘सेर’बरोबर ‘लिस्तो’ म्हणजे हुशार, ‘एस्तार’बरोबर तयार. ‘सेर’बरोबर ‘इन्तेरेसादो’ म्हणजे मतलबी, ‘एस्तार’बरोबर रस असलेला. इंग्रजीत एकच ‘बी’. मग विद्यार्थी मतलबी चुलतभावाला “ही इज व्हेरी इंटरेस्टेड” म्हणतो आणि समोरचा विचारतो, कशात? तिथे ‘सेल्फ-सीकिंग’ किंवा साधं ‘आउट फॉर हिमसेल्फ’ लागतं. “ओय एस्तास मुई हेनेरोसो”, म्हणजे आज तू भलताच उदार झालायस, याला “यू आर जेनरस” पुरत नाही, “यू आर बीइंग जेनरस” लागतं. मराठीत ‘हट्टी आहे’ आणि ‘हट्टाला पेटलाय’ यांत जो फरक आहे, तोच ‘इज स्टबर्न’ आणि ‘इज बीइंग स्टबर्न’ यांत. ही सोय फक्त माणसाच्या हातात असलेल्या वागण्यापुरती. ‘बीइंग टॉल’ कोणी म्हणत नाही.

आता यादी. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी वेबस्टरच्या मोठ्या कोशातून माणसाचं वर्णन करणारे शब्द वेचले. ते भरले १७,९५३. त्यांनीही नुसती यादी केली नाही, चार गट पाडले: स्थिर स्वभाव सांगणारे ४,५०४, तात्पुरती मनःस्थिती सांगणारे ४,५४१, चांगलं-वाईट ठरवणारे ५,२२६ आणि उरलेले ३,६८२. पहिले दोन गट म्हणजे बहुतांशी ‘सेर’ आणि ‘एस्तार’चीच वाटणी. कौतुक की निंदा हा तिसऱ्या गटाचा प्रश्न. यातले पन्नास उचलून वहीत उतरवले तर यातली कोणतीच वाटणी विद्यार्थ्याच्या हाती लागत नाही.

यादीऐवजी काय, ते लेखात होतं. घाईत वाचलं असेल तर पुन्हा सांगते. आठवड्याला आठ शब्द, जास्त नाहीत. एका शब्दाला एक कार्ड. वर स्पॅनिश शब्द एकटा लिहायचा नाही, ‘एस’ किंवा ‘एस्ता’ या ‘सेर’-‘एस्तार’च्या रूपासकट पूर्ण वाक्यात लिहायचा. मागे त्या वाक्याचं इंग्रजी, सारख्या दिसणाऱ्या शब्दाला हात न लावता. त्याखाली तो सारखा दिसणारा शब्द, त्याच्या खऱ्या अर्थाच्या वाक्यात. कोपऱ्यात अधिक, उणे किंवा शून्य: कौतुक, निंदा, की दोन्ही नाही. ‘थ्रिफ्टी’ला अधिक, ‘स्टिंजी’ला उणे, ‘चाइल्डलाइक’ला अधिक, ‘चाइल्डिश’ला उणे. शेवटच्या जोडीला स्पॅनिश ‘इन्फान्तिल’ एकटाच पुरतो, म्हणून तिथे हमखास घसरतात. तिसऱ्या दिवशी स्पॅनिश बाजू बघून इंग्रजी मोठ्याने म्हणायचं, सातव्या दिवशी उलट. मोठ्याने अशासाठी की ‘स्टबर्न’, ‘स्टिंजी’, ‘स्पॉन्टेनियस’ यांच्या आधी स्पॅनिश जीभ ‘ए’ लावते, आणि ‘एस्टबर्न’ कागदावर दिसत नाही.

उणे शब्द नुसता वापरू द्यायचा नाही, हेही त्याच कार्डावर. “ही इज स्टिंजी” हा निकाल झाला. “ही कॅन बी अ बिट टाइट विथ मनी” हे बोलणं झालं.

केंब्रिजच्या सी-१ परीक्षेत शब्दसिद्धीचा भाग आठ गुणांचा असतो. तिथे ‘सेन्स’ हे मूळ आलं तर ‘सेन्सिबल’, ‘सेन्सिटिव्ह’, ‘इन्सेन्सिटिव्ह’, ‘सेन्सलेस’ यांतलं एक निवडावं लागतं, तेही वाक्याचा कल बघून. पाठांतरवाला तिथे पहिला आठवेल तो लिहितो.

मेक्सिको-अर्जेंटिना: लेख स्पेनमधल्या वापराबद्दल आहे. मेक्सिकोत ‘कोराहे’ म्हणजे संताप आणि स्पेनमध्ये बहुधा धैर्य, हे मला ठाऊक आहे. एका लेखात सगळं येत नाही.

मराठी वाचकाला याचं काय, हा प्रश्न तुम्ही मराठी ब्लॉगवर येऊन, संपूर्ण लेख वाचून, मराठीत विचारला आहे. स्पॅनिश शिकलेले आणि स्पॅनिश भाषकांना ऑनलाइन इंग्रजी शिकवणारे मराठी शिक्षक हा माझा वाचक आहे. शिवाय आपल्या लग्नाच्या जाहिरातींतली ‘होमली’ मुलगी अमेरिकेत गेली की दिसायला बेताची ठरते. या खड्ड्यात फक्त स्पॅनिश लोकच पडतात असं नाही.

मूळ लेखात ‘स्टिंजी’ दुरुस्त केलं आहे आणि दुरुस्ती तुमच्या प्रतिक्रियेमुळे झाली अशी नोंद खाली घातली आहे. बाकी मजकूर होता तसाच राहील. ‘इन्हेनुओ’, ‘इन्जीनियस’ आणि ‘डिसइन्जेन्युअस’ या तिघांवरचा पुढचा भाग गुरुवारी.