शिरगणती कशी करावी: नवख्या राज्यकर्त्यास हितोपदेश

समजा, उद्या तुमच्या हाती अनेक भाषा-धर्मांचं एखादं राष्ट्र आलं, तर लगेच लष्कराकडे धावू नका. आधी प्रगणक बोलवा आणि आग्नेय युरोपातल्या युगोस्लाव्हियाची शिकवणी लावा. हे राष्ट्र आता उरलेलं नाही, त्यामुळे फीसुद्धा पडणार नाही.

रकाने छापणं कायम स्वतःच्या हाती ठेवा. १९२१ साली राजेशाहीने मातृभाषा आणि धर्म एवढंच विचारलं. सर्ब आणि क्रोएट एकाच भाषेत बसवले, मॅसेडोनियनही त्यातच कोंबले. झाली राष्ट्रीय एकात्मता!

दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या कम्युनिस्ट मार्शल टिटोंच्या राज्यात तर ही कला बहरली. युगोस्लाव्हियाचंच एक घटक राज्य असलेल्या बोस्नियातल्या एखाद्या मुसलमान आजोबांचा विचार करा. १९४८ मध्ये त्यांना मुभा होती: सर्ब म्हणा, क्रोएट म्हणा, नाहीतर ‘अनिर्णित’. पावणेआठ लाखांहून अधिक लोक अनिर्णित राहिले. १९५३ मध्ये आजोबा ‘अनिर्णित युगोस्लाव्ह’ झाले, १९६१ मध्ये ‘वांशिक अर्थाने मुसलमान’, १९७१ मध्ये ‘मुसलमान’ हेच थेट राष्ट्रीयत्व. १९९३ नंतर त्याच राष्ट्रीयत्वाचं नाव बोस्नियाक. एवढं होऊन म्हातारा उंबऱ्याबाहेर पडलेला नाही.

मेलेल्यांचीही गणती करावीच लागते, आणि तिथे घाई फायद्याची. दुसऱ्या महायुद्धात आपले १७ लाख गेले, असं युगोस्लाव्हियाने जगाला सांगितलं. हा आकडा सांख्यिकी खात्यात कामाला असलेल्या एका गणिताच्या विद्यार्थ्याने दोन आठवड्यांत काढून दिला होता. त्यात युद्धामुळे जन्मालाच न आलेली मुलंही होती. १९६४ मध्ये पश्चिम जर्मनीकडून भरपाई मागायची म्हणून नावनिशीवार यादी केली, तर नावं भरली ५ लाख ९७ हजार. अशा वेळी काय करावं? यादी कपाटात ठेवून कुलूप लावावं. पुढे दोन अभ्यासकांनी वेगवेगळा हिशोब मांडला आणि दोघेही दहा लाखांच्या थोडं वर येऊन थांबले. पण तोवर ऐंशीचं दशक उलटत आलं होतं आणि आमचे किती, तुमचे किती, यावर पुढाऱ्यांची दुकानं लागली होती. अशी कुलपं फार उपयोगाची, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

एक रकाना मात्र चुकूनही ठेवू नका: ‘युगोस्लाव्ह’. १९७१ मध्ये तो भरणारे पावणेतीन लाख होते, १९८१ मध्ये १२ लाखांवर गेले. मिश्र लग्नांतली मुलं, शहरी लोक, पक्षाची माणसं. असल्या लोकांना कोणत्या सभेत बसवणार आणि कोणाविरुद्ध भडकवणार? सुदैवाने १९९१ पर्यंत ते सात लाखांवर आले. त्या वर्षी सर्बियाच्या कोसोव्हो प्रांतातल्या अल्बेनियनांनी तर गणतीवरच बहिष्कार टाकला. खात्याने न डगमगता त्यांची संख्या अंदाजाने लिहून टाकली.

राष्ट्र मोडलं तरी कला बुडत नाही. मॅसेडोनियाने ऑक्टोबर २०११ मध्ये गणती मध्येच थांबवली आणि २००२ चे आकडे २०२१ पर्यंत वापरले. क्रोएशियात अल्पसंख्याकांच्या भाषेला समान दर्जा हवा तर गावात एक तृतीयांश डोकी लागतात, म्हणून व्हुकोवार शहरात पाटीवरच्या सर्बांच्या सिरिलिक लिपीचा प्रश्नही दशांश चिन्हापर्यंत जातो. बोस्नियाची युद्धानंतरची पहिली गणती २०१३ ची, निकाल २०१६ चा. १९९१ मधले ४३ लाख ७७ हजार आता ३५ लाख ३१ हजारांवर आलेले. रिपब्लिका सर्प्स्का या बोस्नियातल्या सर्बबहुल स्वायत्त भागाला कायम रहिवाशाची व्याख्याच पटली नाही, म्हणून त्यांनी आपल्या भागाचा निकाल वेगळा छापला. तुम्हीही छापखान्याची ऑर्डर देताना प्रती दुप्पट सांगून ठेवा.