टेबल वाजू नये म्हणून

घरात संगीताचा छोटा स्टुडिओ थाटायला निघालेल्या माणसाला माइक कोणता घ्यावा आणि स्पीकर किती इंचांचे असावेत हे सांगणारे वाटेल तितके भेटतात. मात्र हे सगळे ठेवायचे कशावर, असे विचारले की त्याच सल्लागारांच्या चेहऱ्यावर ‘त्यात काय विचारायचे?’ असा भाव उमटतो. टेबल म्हणजे चार पाय आणि वर एक फळी, ही समजूत मोठी सुखाची आहे. ज्याने अजून ८८ पट्ट्यांचा कीबोर्ड, दोन स्पीकर, स्क्रीन, ऑडिओ इंटरफेस (म्हणजे माइक आणि स्पीकर संगणकाला जोडणारी डबी) आणि स्वतःची दोन कोपरे एकाच फळीवर मांडून पाहिलेली नाहीत, त्याने ती अवश्य बाळगावी.

माझ्या मते अडचण टेबलाची नाहीच. ती टेबलासमोर बसणाऱ्या देहाची आहे. हातांना सगळे खाली हवे असते, कानांना वर हवे असते, डोळ्यांना ऐन मध्यभागी हवे असते आणि खोलीला ते मुळात नकोच असते. या चौघांचे एकमत होईल असे टेबल निदान माझ्या तरी पाहण्यात आलेले नाही, आणि मी टेबले पाहण्यात घालवलेला काळ संगीतात घातला असता तर एव्हाना दोन्ही हातांनी वेगवेगळे काही वाजवू शकलो असतो.

हातांचे गाऱ्हाणे सर्वांत रास्त असल्यामुळे आधी तेच ऐकून घेतले. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण ७२-७३ सेंटिमीटरांवर असतात. लिहिण्याच्या नेहमीच्या टेबलाची नुसती फळीच तेवढ्या उंचीवर असते. तिच्यावर दहा-बारा सेंटिमीटर जाडीचा कीबोर्ड ठेवला की पट्ट्या ८५ सेंटिमीटरांच्या घरात जातात आणि वाजवणाऱ्याचे खांदे हळूहळू कानांच्या भेटीला निघतात. खुर्ची उंच करावी तर पाय अधांतरी राहतात, आणि सस्टेनचे, म्हणजे स्वर लांबवणारे, पेडल पायानेच दाबायचे असल्यामुळे ही तडजोड गाण्याच्या पहिल्याच ओळीत उघडी पडते. म्हणून स्टुडिओसाठी बनवलेल्या टेबलांत फळीखाली कीबोर्डसाठी सरकता ट्रे दिलेला असतो. हा ट्रे हातांचा प्रश्न सोडवतो, म्हणजे तो गुडघ्यांच्या हवाली करतो. फळीची जाडी, कीबोर्डची उंची, ट्रेची फळी आणि तिच्या लोखंडी पट्ट्या यांची बेरीज करून खाली जी जागा उरते, तिच्यात मांड्या सुखाने राहतील असे गृहीत धरणाऱ्या रचनाकाराने स्वतः कधी खुर्चीत बसून पाहिले असेल असे वाटत नाही.

रुंदीचे प्रकरण त्याहून वरचढ आहे. ८८ पट्ट्या नुसत्याच सव्वा मीटरच्या आसपास जागा खातात. शेजारची स्वर वाकवण्याची चाके आणि कडेचे प्लॅस्टिक धरले की अनेक कीबोर्ड १३० सेंटिमीटरांच्या पुढे जातात. टेबलांच्या जाहिरातींत मात्र बाहेरची रुंदी ठळक अक्षरांत असते आणि ट्रेची आतली रुंदी, जी एवढीच आपल्याला हवी असते, ती कोठेही नसते. छायाचित्रावरून अंदाज करावा म्हटले तर छायाचित्रातल्या टेबलावर एक कुंडी, एक कॉफीचा मग आणि मिटलेली वही असते. वायर एकही नसते. वायर नसलेला स्टुडिओ मी केवळ टेबलांच्या जाहिरातींतच पाहिला आहे.

कानांची मागणी भूमितीच्या भाषेत असते. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा, आणि स्पीकरमधला उंच स्वरांचा छोटा भाग, म्हणजे ट्वीटर, कानांच्या रेषेत यावा. बसलेल्या माणसाचे कान जमिनीपासून ११५ ते १२० सेंटिमीटरांवर असतात, म्हणजे टेबलाच्या फळीपासून चांगले हातभर वर. तेव्हा स्पीकर टेबलावर नुसते ठेवून भागत नाही; त्यांना उंच बैठक द्यावी लागते, आणि ती हलकी असून चालत नाही. हा त्रिकोण मोजण्याचे काम एकट्याने होत नाही, कारण ज्याचे डोके मोजायचे त्यानेच टेप धरला की डोके हलते. सौभाग्यवतींना विनंती केली. त्यांनी टेपचे एक टोक ट्वीटरपाशी आणि दुसरे माझ्या कानापाशी धरून गांभीर्याने वाचन केले, “डाव्या बाजूला ११९, उजव्या बाजूला १२२.” स्पीकर सरकवून पाहिले, फरक कायम. शेवटी त्या मागे सरकून म्हणाल्या, “अहो, स्पीकर सरळच आहेत. तुम्ही वाकडे बसता.”

खरे तर स्पीकरने टेबलाशी नाते जोडण्याचा इतिहास फार जुना नाही. यामाहाचे एनएस-१० हे पांढऱ्या शंकूचे स्पीकर १९७८ मध्ये घरी बसून गाणी ऐकणाऱ्यांसाठी बाजारात आले, घरांत फारसे रमले नाहीत, आणि पुढे जगभरच्या स्टुडिओंतल्या मिक्सिंग कन्सोलच्या, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र जुळवण्याच्या टेबलवजा यंत्राच्या, माथ्यावर जाऊन बसले, तेही बहुधा आडवे. घरासाठी केलेली वस्तू अशी स्टुडिओत गेली, आणि आता त्या स्टुडिओच्या कन्सोलसारखे दिसणारे टेबल घरात आणायला आम्ही निघालो आहोत. या देवाणघेवाणीत घराचा फायदा नेमका कोठे झाला, हा प्रश्न आमच्या घरात वेळोवेळी उपस्थित होतो.

तरी एवढ्यावर भागले असते, पण नंतर मी परावर्तनाबद्दल वाचले. स्पीकरमधून निघालेला आवाज थेट कानाकडे येतो, आणि थोडा आवाज टेबलाच्या फळीवर आपटून मागाहून येतो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. तेव्हा फळीवरून येणारा मार्ग थेट मार्गापेक्षा ३० सेंटिमीटरांनी लांब पडला, तर ती दुसरी लाट सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही किंचित कमी उशिराने पोहोचते. एवढ्या उशिराने कोणाचे काय बिघडते, असे साध्या माणसाला वाटेल. पण ५७० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५७० कंपनांच्या, आसपास या दोन लाटा नेमक्या एकमेकींच्या उलट पडतात आणि एकमेकींना गिळू पाहतात, म्हणजे गाणाऱ्याच्या आवाजाच्या ऐन मध्यावर एक खड्डा पडतो, आणि वर जाताना तसेच आणखी खड्डे ठराविक अंतरावर लागत राहतात. हा खड्डा गाण्यात नसतो, टेबलावर असतो. पण मिक्सिंग करणारा तो गाण्यात समजून बुजवायला जातो आणि मग ते गाणे इतर कोठेही वाजवले की त्याच जागी टेंगूळ ऐकू येते.

यावर जाणकारांचे उपाय ठरलेले आहेत: फळी लहान ठेवा, स्पीकर टेबलावर न ठेवता मागे स्वतंत्र उभ्या बैठकीवर ठेवा, फळीचा मोकळा भाग कमी करा. या उपदेशाचा शेवटपर्यंत पाठपुरावा केला, तर ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने सर्वोत्तम टेबल म्हणजे नसलेले टेबल, या निष्कर्षावर माणूस येतो. मी तो निष्कर्ष रात्रीच्या जेवणावेळी, काहीशा अभिमानाने, घरात जाहीर केला.

“मग घेऊच नका ना,” सौभाग्यवती म्हणाल्या.

शास्त्राशी इतक्या तत्परतेने सहमत होणारी व्यक्ती घरात असावी आणि तिचा आपल्याला उपयोग होऊ नये, ही अवस्था अनुभवल्याखेरीज कळणार नाही. मी त्यांना समजावले की इंटरफेस हवेत तरंगत नाही आणि उंदीर, म्हणजे संगणकाचा, मांडीवर चालवता येत नाही. त्या म्हणाल्या की गेले काही महिने तो मांडीवरच चालत होता आणि त्या काळात गाणी तरी होत होती.

टेबल कशाचे असावे, हा भाग मी लवकर उरकला. काच देखणी असते, पण आवाज परतवण्यात तिचा हात धरणारे कोणी नाही, आणि वर ठेवलेल्या प्रत्येक वस्तूबरोबर ती स्वतःही किणकिणते. एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली, जाड फळी दिसायला सामान्य असली तरी जड असते: १६० बाय ८० सेंटिमीटरांची, अडीच सेंटिमीटर जाडीची फळी २३-२४ किलो भरते. हे वजन स्पीकरच्या हादऱ्यांना न जुमानण्यासाठी उपकारक आणि जिन्यावरून वर नेणाऱ्यासाठी अपायकारक असते. आम्ही एमडीएफ घेतले, पोकळ लोखंडी पायांसह.

त्या टेबलाला उजव्या अंगाला रॅकचे खण होते, आणि मला ते नको होते. हे खण सर्वत्र १९ इंच रुंदीच्या उपकरणांसाठी असतात. १९२२ च्या सुमारास अमेरिकेत टेलिफोन यंत्रणेसाठी रूढ झालेले ते माप आहे, आणि त्यातल्या उंचीचे एकक पावणेदोन इंचांचे. शतकापूर्वी टेलिफोनवाल्यांनी ठरवलेल्या मापाशी माझा काही संबंध नाही, कारण त्या मापाचे एकही उपकरण माझ्याकडे नाही. पण खण रिकामा दिसला की मनाला बोचतो, आणि रिकामा दिसू नये म्हणून त्याच मापाच्या कोऱ्या पट्ट्या विकत मिळतात. काहीही न करणारे उपकरण पैसे देऊन बसवण्याची सोय मी इतर कोणत्या धंद्यात पाहिलेली नाही. सध्या एका खणात घरातले सगळे रिमोट राहतात आणि प्रथमच सगळ्यांना सापडतात.

खोलीशी वाटाघाटी मात्र लांबल्या. लांबट खोलीत आखूड भिंतीकडे तोंड करून, दोन्ही बाजूंना सारखे अंतर सोडून बसावे, आणि समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर डोके यावे, असा एक अंदाज प्रचलित आहे. चार मीटर लांबीच्या खोलीत हे अंतर दीड मीटर भरते. बरोबर मध्यावर, म्हणजे दोन मीटरांवर, बसणे वाईट, कारण त्या खोलीची सर्वांत खालची घुमणारी वारंवारता सुमारे ४३ हर्ट्झ असते आणि ती नेमकी मध्यावरच ऐकू येत नाही. आता दीड मीटरवर डोके ठेवून त्याच्यापुढे टेबल मांडले, की ते भिंतीला टेकत नाही आणि खोलीतही मावत नाही. ते मधेच उभे राहते. आमच्या कपाटाचे दार त्यामुळे वीतभर उघडते. मी सुचवले की रोजचे कपडे त्या वीतभर फटीतून निघू शकतील अशा क्रमाने लावावेत. या सूचनेनंतर ३८ टक्क्यांचे सर्वानुमते ३३ टक्के झाले. हा नियम नसून केवळ सुरुवातीचा अंदाज आहे, ही गोष्ट अशा वेळी फार उपयोगी पडते.

टेबल आले ते सपाट खोक्यातून, शब्दविरहित सूचनापत्रासह. त्यात एक हसरा माणूस टेबल जोडत होता आणि शेजारी एकट्याने जोडणाऱ्या दुःखी माणसावर फुली मारलेली होती. चिरंजीवांना मदतीला घेतले. सुट्या भागांच्या यादीनुसार मोजदाद केली तेव्हा आठ मिलिमीटरचा एक बोल्ट कमी भरला. विक्रेत्याला कळवले, त्यांचे उत्तर आले की कृपया पुन्हा मोजावे. पुन्हा मोजले. बोल्ट तेवढेच होते. “बाबा, बाकीचे पुरतील,” असे म्हणून चिरंजीवांनी पाय उभे-आडवे करून फळीला जोडले आणि टेबल उभे राहिले, अजिबात न डुगडुगता.

वायरींबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्या विषयाला अंत नाही. विजेच्या वायरी एका बाजूने, आवाजाच्या दुसऱ्या बाजूने न्याव्यात, आणि एकमेकींना ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडावे, नाहीतर विजेचा ५० किंवा ६० हर्ट्झचा घुमारा स्पीकरमध्ये घर करतो. इंटरफेसची यूएसबी केबल पाच मीटरच्या आत राखावी. सगळी उपकरणे शक्यतो एकाच जागेवरून वीज घेतील असे पाहावे. हे सर्व मी टेबलाखाली पाठीवर पडून केले आणि वर पाहिले असता असे लक्षात आले की फळीच्या खालच्या बाजूला लॅमिनेट अधिक सुबक बसवलेले आहे.

टेबल स्वतः वाजत नाही ना, हे तपासण्यासाठी स्पीकरमधून एक अखंड स्वर २० हर्ट्झपासून सावकाश वर चढवत नेतात आणि कोठे काय थरथरते ते ऐकतात. चिरंजीव स्वर चढवत होते, मी टेबलाला कान लावून होतो. प्रथम पेनांचा डबा बोलला, तो हलवला. मग स्क्रीनचा पाय, मग रिमोटांचा खण. एकेकाची व्यवस्था करत आम्ही वर सरकत गेलो आणि ९८ हर्ट्झवर, म्हणजे खालच्या जी स्वरावर, टेबलाच्या डाव्या पायात कोणीतरी खुळखुळू लागले. स्वर थांबवला की गप्प. पुन्हा लावला की पुन्हा सुरू. पायावर टिचकी मारली तेव्हा आतून स्पष्ट लोखंडी उत्तर आले.

हरवलेला बोल्ट सापडला होता. तो पोकळ पायात कारखान्यातच पडला की घरात पाय उभे-आडवे होताना, याबाबत आमच्यात दोन मते आहेत. तो काढायचा तर स्पीकर उतरवून, वायरी सोडवून, २३ किलोंची फळी उलटी करून पाय सोडवावा लागेल, आणि त्या कामाला हसरा दुसरा माणूस मिळणे अवघड झाले आहे. विक्रेत्याला मात्र प्रामाणिकपणे कळवले की मोजदाद बरोबर निघाली. तूर्त मी माझ्या सगळ्या रचना एक स्वर वर उचलून ए मध्ये बसवल्या आहेत, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकदोघांनी त्यात ताजेपणा आल्याचेही सांगितले.